हे शहर कुणाच्या पायांनी पाहायचं?

‘शहर पाहायचं तर पायी पाहावं’ हे वाक्य आता सुभाषितासारखं झालं आहे. दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनं ते म्हणतात, सहल कंपन्यांची माहितीपत्रकं म्हणतात, आणि फक्त बायकांसाठी निघणाऱ्या परदेश सहलींच्या जाहिराती तर ठळक अक्षरांत म्हणतात. बसमधून उतरा, गल्लीबोळांत शिरा, शहराशी गप्पा मारा! ऐकायला छान वाटतं. बाईला रस्त्यावरून मोकळेपणानं, कामाशिवाय, कुणाला उत्तर न देता फिरता यावं यासाठी आपण किती वर्षं भांडतो आहोत. मग या सल्ल्याला आक्षेप कशासाठी?

आक्षेप चालण्याला नाहीच. आक्षेप आहे तो वाटाड्याला. चालणारीच्या हातात जो नकाशा ठेवला जातो तो कुणी काढला? त्यात कोणत्या बाया दाखवल्या आहेत आणि कोणत्या गाळल्या आहेत? हे न विचारता केलेली पायपीट म्हणजे पुरुषांनी बायकांबद्दल रचून ठेवलेल्या गोष्टींना घातलेली प्रदक्षिणा. घरी बसून ऐकलेलं पुराण आपण परगावी जाऊन, पैसे खर्चून, पाय दुखवून पुन्हा ऐकतो, एवढंच.

हे मोघम बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एकच शहर घेऊ. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसिया प्रांतात, ग्वादालकिविर नदीच्या काठी वसलेलं सेव्हिल. तिथली माणसं त्याला सेविया म्हणतात. या शहराची ओळख जगभर बायकांच्या गोष्टींनी झाली आहे. पेटीतून सिगार नव्हे तर आग बाहेर काढणारी कार्मेन, डॉन हुआननं फसवलेल्या बाया, गालावर अश्रू घेऊन उभी असलेली मेरीमाता, झालरींच्या झग्यात नाचणारी जिप्सी. इतकी बाईमय शहरं थोडी. म्हणूनच तिथल्या मोहल्ल्यांतून चालताना डोळे उघडे ठेवणं जास्त गरजेचं आहे.

सांता क्रूझ : मुलीची कवटी आणि रंगेल पुरुषाचा पुतळा

पायी फेरफटका बहुतेक वेळा सांता क्रूझपासून सुरू होतो. पांढऱ्या भिंती, हात पसरले तर दोन्हीकडे लागतील अशा गल्ल्या, संत्र्यांची झाडं, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. ‘मध्ययुग जसंच्या तसं जपलंय’ असं सांगतात. खरं तर आज दिसणारं हे साजिरं रूप बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. १९१० नंतरच्या दोन दशकांत, पर्यटन वाढावं आणि १९२९ सालच्या प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना आवडावं म्हणून हा मोहल्ला नटवला गेला. मूळचा हा भाग ज्यूंच्या वस्तीचा. १३९१ साली एका धर्माधिकाऱ्यानं चेतवलेल्या जमावानं तिथं कत्तल केली आणि वस्ती मोडली. फुलांच्या कुंड्या त्यानंतर कित्येक शतकांनी आल्या.

याच मोहल्ल्यात सुसोना नावाची गल्ली आहे. पूर्वी तिचं नाव ‘मृत्यूची गल्ली’ होतं. भिंतीवर कवटीचं चित्र असलेली एक फरशी बसवलेली आहे. तिथं वाटाडे हमखास थांबतात आणि गोष्ट सांगतात. सुसोना ही धर्म बदललेल्या एका श्रीमंत ज्यू सावकाराची देखणी मुलगी. तिचं एका ख्रिस्ती सरदारावर प्रेम होतं. बापानं धर्मन्यायालयाविरुद्ध, म्हणजे इन्क्विझिशनविरुद्ध, उठावाचा बेत केला. तिनं तो प्रियकराच्या कानावर घातला. बाप पकडला गेला, १४८१ साली जाळला गेला. पश्चात्तापानं होरपळलेल्या मुलीनं मरताना सांगितलं, माझं शीर घराच्या दारावर टांगा, म्हणजे जगाला धडा मिळेल.

गोष्ट आख्यायिका आहे, मान्य. पण धडा कुणाला मिळाला ते पाहा. माणसं जाळली कुणी? धर्मन्यायालयानं. सेव्हिलमधली पहिली जाहीर होळी १४८१ च्या फेब्रुवारीत झाली, तिची कागदोपत्री नोंद आहे. पण पाचशे वर्षं भिंतीवर कवटी कुणाची? मुलीची. सत्तेनं केलेल्या खुनांचा हिशेब एका पोरीच्या प्रेमाच्या खात्यावर मांडून टाकला आणि गल्लीला तिचं नाव दिलं. घरभेदी बाई, जीभ न आवरणारी बाई, प्रेमात पडून कुळ बुडवणारी बाई. ही बाई आपल्या ओळखीची आहे, तिला भेटायला स्पेनला जायची गरज नाही.

तिथून चार पावलांवर रेफिनादोरेस चौक. तिथं डॉन हुआनचा पुतळा आहे, ऐटबाज, अंगरख्यासकट. हा सतराव्या शतकातल्या एका नाटकातून निघालेला नायक. बायकांना लग्नाची वचनं द्यायची, अंधारात दुसऱ्याच्या नावानं शिरायचं, भोगायचं आणि पळायचं, हा त्याचा पराक्रम. त्या मूळ नाटकाच्या नावातच तो ‘सेव्हिलचा फसव्या’ आहे. पुढे त्याच्यावर ऑपेरा झाले, १८४४ साली आलेल्या नाटकानं त्याला शेवटी एका निष्पाप मुलीच्या प्रेमामुळे स्वर्गसुद्धा मिळवून दिला. फसवणाऱ्याला चौक आणि पुतळा, फसलेल्यांची नावं आठवणं प्रेक्षकाच्या मर्जीवर.

‘अहो, वाङ्मय आहे ते, त्याचं काय एवढं मनावर घेता?’ असं कुणी म्हणेल. मग वाङ्मयाबाहेरचं बोलू. २०१६ च्या जुलैत पांप्लोना शहराच्या उत्सवात एका अठरा वर्षांच्या मुलीवर पाच जणांनी सामूहिक बलात्कार केला. पाचही जण सेव्हिलचे. आपल्या टोळीला त्यांनी अभिमानानं ‘कळप’ असं नाव दिलं होतं आणि केलेल्या कृत्याचं चित्रीकरणही केलं होतं. २०१८ साली खालच्या न्यायालयानं हा बलात्कार नसून ‘लैंगिक गैरवर्तन’ आहे, असा निवाडा दिला, कारण हिंसा किंवा धमकी झाल्याचं त्या न्यायालयाला मान्य नव्हतं! मथुरा प्रकरण ज्यांना आठवतं त्यांना हा युक्तिवाद ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. स्पेनभर बायका रस्त्यावर आल्या, सेव्हिलमध्येही आल्या. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बलात्कारच आहे असं म्हणून पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२२ साली संमतीला केंद्रस्थानी ठेवणारा नवा कायदा आला. आता सांगा, त्या चौकातल्या पुतळ्याकडे नुसतं वाङ्मय म्हणून बघता येतं का?

तंबाखूचा कारखाना : एक कार्मेन आणि सहा हजार जणी

सांता क्रूझच्या बाहेर पडलं की जवळच प्रादो दे सान सेबास्तियान लागतं. आज तिथं बाग आहे, बसस्थानक आहे, ट्राम थांबते. धर्मन्यायालयाच्या काळात इथं माणसं जाळत. २४ ऑगस्ट १७८१ रोजी इथं मारिया दे लोस दोलोरेस लोपेस या आंधळ्या बाईला आणलं. तिला देवाचे दृष्टान्त होतात असं ती सांगे, आणि आपलं म्हणणं तिनं मागं घेतलं नाही. गळा आवळून मारल्यावर तिचा देह जाळला. स्पेनमध्ये धर्मन्यायालयानं जाळलेली ती शेवटची व्यक्ती मानली जाते. सुसोनाची दंतकथा रंगवून सांगणारे वाटाडे या खऱ्या बाईपाशी क्वचितच थांबतात. दंतकथेतली बाई बापाशी दगा करते, म्हणून ती सोयीची. ही बाई धर्मसत्तेपुढं वाकली नाही, म्हणून ती गैरसोयीची.

रस्ता ओलांडला की समोर शाही तंबाखू कारखान्याची प्रचंड दगडी इमारत. अठराव्या शतकात बांधलेली. १९५० च्या दशकापासून तिथं सेव्हिल विद्यापीठ आहे. प्रवासी इथं येतात ते कार्मेनसाठी. प्रॉस्पर मेरिमे या फ्रेंच लेखकानं १८४५ साली तिची गोष्ट लिहिली आणि १८७५ साली जॉर्ज बिझेनं तिच्यावर ऑपेरा केला. बिझे स्पेनला कधी गेलाच नव्हता. सेव्हिलची कामगार बाई कशी असते हे जगाला सांगितलं ते पॅरिसमधल्या पुरुषांनी. ती कशी? मादक, भांडकुदळ, चाकू काढणारी, आज याची तर उद्या त्याची. आणि शेवटी ‘मी तुझी नाही’ असं तोंडावर सांगितल्याबद्दल पुरुषाच्या हातून मरणारी.

आता या भिंतींच्या आतल्या खऱ्या बायकांकडे पाहू. आधी इथं पुरुषच काम करत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून बायका घेतल्या गेल्या, कारण सिगार वळायला त्यांची बोटं चपळ आणि मजुरी स्वस्त. १८८० च्या दशकात इथं सहा हजारांच्या घरात बायका होत्या. त्या काळच्या युरोपात एका छपराखाली इतक्या कामगार बायका फार थोड्या ठिकाणी असतील. मजुरी नगावर. हवेत तंबाखूची धूळ. बाहेर पडताना अंगझडती. आई मुलीला, मावशी भाचीला कामाला लावी. तान्ह्या मुलांना घेऊन बायका कामावर येत. गोन्सालो बिल्बाओ या चित्रकाराचं १९१५ सालचं मोठं चित्र सेव्हिलच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात कारखान्याच्या दालनात एक कामगार बाई मुलाला अंगावर पाजते आहे, बाजूच्या जणी हात चालवता चालवता तिच्याकडे बघताहेत. पाळणाघराच्या मागणीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे चित्र जरूर पाहावं.

आणि या बायका भांडत होत्या, हे खरंच आहे. पण प्रियकरासाठी नव्हे. वाईट माल, कापलेली मजुरी, येऊ घातलेली यंत्रं यांविरुद्ध स्पेनमधल्या तंबाखू कारखान्यांतल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात वारंवार बंडं केली, काम बंद पाडलं. मालकाला धाक वाटावा अशी ही संघटित ताकद. तिचं लेखकाच्या हाती काय झालं? एका बाईचा तापट स्वभाव! वर्गाचं भांडण शरीराच्या मादकतेत विरघळवून टाकणं ही जुनी किमया आहे. आपल्या तमाशातल्या, कोळीवाड्यातल्या, गिरणीतल्या बायकांवर मराठी सिनेमानं हीच केली.

तंबाखूचं नाव निघालं की मराठी बाईला निपाणी आठवायला हवं. तिथल्या वखारींत धुळीनं खोकत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, आणि ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटानं त्यांच्यासोबत १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात बायका स्वतः बोलतात. सेव्हिलच्या सहा हजार जणींना अशी संधी मिळाली असती तर जगाला कार्मेनऐवजी कोण माहीत झालं असतं? त्यांचा कारखाना पुढे नदीपलीकडे नव्या इमारतीत गेला आणि २००७ साली कायमचा बंद झाला.

कार्मेनचा पुतळा मात्र आहे. कुठे? बैलांच्या झुंजीच्या रिंगणासमोर. ऑपेरात तिचा खून याच रिंगणाबाहेर होतो. म्हणजे खून झाला त्या जागी, खून झालेल्या बाईचा पुतळा, आणि लोक त्याच्या कमरेला हात घालून हसत फोटो काढतात! नवऱ्यानं, प्रियकरानं किंवा सोडलेल्या जोडीदारानं मारलेल्या बायकांची अधिकृत मोजणी स्पेनमध्ये २००३ पासून होते. आकडा १,३०० च्या पुढे गेला आहे. त्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी ‘मी तुझी नाही’ असंच काहीसं म्हटलं असणार. या खुनाला प्रेमकथा म्हणणं आता तरी थांबवायला हवं.

त्रियाना : झगा ठेवला, बाई हाकलली

१८५२ सालच्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडली की त्रियाना. कुंभारांचा, खलाशांचा, जिप्सींचा मोहल्ला. पुलाशी लागूनच बाजार आहे, त्याच्याखाली सान होर्खे किल्ल्याचे अवशेष. हे धर्मन्यायालयाचं ठाणं, १४८१ ते १७८५. आज वर टोमॅटो विकतात, खाली कोठड्यांच्या भिंती.

सेव्हिलच्या पालक संत म्हणजे खुस्ता आणि रुफिना या दोन बहिणी, त्रियानाच्या कुंभारणी. रोमन काळात देवीच्या उत्सवासाठी भांडी द्यायला त्यांनी नकार दिला, लोकांनी त्यांची भांडी फोडली, तर त्यांनी मूर्ती फोडली, आणि हाल होऊन मेल्या, अशी कथा. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला खुस्ताचं नाव आहे. आपल्या मालाचं काय करायचं हे स्वतः ठरवणाऱ्या, हातावर पोट असणाऱ्या दोन बायका! पण चित्रांत त्या डोळे वर लावलेल्या सोज्ज्वळ संतिणी होऊन उभ्या आहेत, हातात मडकी शोभेपुरती.

त्रियानातली गरीब माणसं ‘कोर्राल’मध्ये राहत. मधे अंगण, चहूबाजूंनी एकेक खोलीची बिऱ्हाडं, नळ एक, संडास सामायिक. चाळीत वाढलेल्या बाईला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. अंगणातलं धुणं, एकमेकींची मुलं सांभाळणं, उसनवारी, भांडणं, बाळंतपणं, सगळं बायकांच्या जिवावर. आज ‘अस्सल त्रियाना’ म्हणून ज्या फ्लामेंको गाण्याची तिकिटं विकली जातात ते याच अंगणांत, लग्नाबारशांत, जिप्सी बायका-पुरुषांनी टाळ्यांच्या ठेक्यावर वाढवलेलं आहे.

त्या जिप्सी गेल्या कुठे? १७४९ सालच्या जुलैत सरकारनं एकाच वेळी देशभरच्या जिप्सींना पकडलं. पुरुष एकीकडे सक्तमजुरीला, बायका-मुलं दुसरीकडे कोंडवाड्यात, म्हणजे पुढची पिढीच जन्मू नये. झारागोझाच्या कोंडवाड्यातल्या बायकांनी दिलेले कपडे फाडून टाकून, तोडफोड करून पहारेकऱ्यांना जेरीस आणलं. ही झाली जुनी गोष्ट. नवी अशी, की विसाव्या शतकाच्या मध्यावर त्रियानातल्या जमिनींचे भाव वाढले तसे कोर्राल रिकामे करवले गेले. माणसं आधी तात्पुरत्या निवाऱ्यांत आणि मग शहराच्या दक्षिण टोकाला रेल्वे रुळांपलीकडच्या वसाहतीत नेली गेली. पोलिगोनो सुर हे तिचं नाव. सरकारी आकडेवारीत स्पेनमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये ती वर्षानुवर्षं मोजली जाते. उन्हाळ्यात तिथं वीज जाते, आणि त्याविरुद्ध माणसं रस्त्यावर येतात. ‘पायी सेव्हिल’च्या नकाशाची कड त्याच्या बरीच अलीकडे संपते. त्या वस्तीबद्दल पर्यटकाला एकच गोष्ट सांगितली जाते : तिकडे जाऊ नका.

आता तो झगा पाहा. वसंतातल्या जत्रेत सेव्हिलच्या झाडून सगळ्या बायका ठिपक्यांचा, झालरींचा झगा घालतात. त्याला तिथं ‘जिप्सिणीचा पोशाख’ असंच म्हणतात. १८४७ साली ही जत्रा गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली तेव्हा गुरं विकायला आलेल्या जिप्सी आणि शेतकरी बायका कामाच्या कपड्यांना झालरी लावून येत. पुढे वरच्या वर्गातल्या बायकांना ते आवडलं आणि तो मानाचा पोशाख झाला. झगा शहराच्या मध्यभागी राहिला, झगा शिवणारी रुळांपलीकडे. नऊवारी आणि नथ फॅशनमध्ये आणून कोळणीला बाजारातून उठवणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये.

माकारेना : खांद्यावरची बाई आणि भिंतीपाशी उभी केलेली बाई

उत्तरेला, जुन्या तटबंदीला लागून माकारेना. इथल्या चर्चमधल्या मेरीमातेच्या गालांवर काचेचे अश्रू आहेत. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ती पालखीत बसून रात्रभर शहर फिरते, आणि हजारो माणसं तिच्यासाठी ताटकळतात. पण तिच्यापुढं झगा-टोपी घालून मेणबत्ती धरून चालायचा हक्क सगळ्या संघांमध्ये बायकांना नव्हता. काही संघांनी आधी दार उघडलं, पण उरलेल्यांना ते उघडायला लावणारा बिशपचा आदेश निघाला तो २०११ साली. बाई खांद्यावर घेऊन मिरवायला चालते, बरोबरीनं चालायला चालत नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी २०१६ पर्यंत झगडलेल्या आपल्याला हे ओळखीचंच आहे.

याच चर्चमध्ये १९५१ सालापासून एका सेनापतीची कबर होती. नाव केयपो दे यानो. जुलै १९३६ मध्ये फ्रँकोच्या बंडात त्यानं सेव्हिल ताब्यात घेतलं आणि रोज रात्री रेडिओवरून भाषणं दिली. त्या भाषणांत तो प्रजासत्ताकाच्या बाजूच्या बायकांवर आपले सैनिक काय करतील ते चवीनं सांगे. बलात्कार हे युद्धाचं शस्त्र आहे हे आपण अहवालांमधून सिद्ध करत असतो, या माणसानं ते स्वतः ध्वनिक्षेपकावरून सांगितलं होतं. माकारेनाच्या तटाशी उभं करून माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. हा भाग कामगारांचा, इतका लाल की त्याला ‘सेव्हिलचं मॉस्को’ म्हणत. आंदालुसियाच्या गावोगावी बायकांचे केस भादरले, त्यांना एरंडेल पाजलं आणि तशा अवस्थेत रस्त्यांवरून चालवलं.

मैत्रिणींनो, ‘पायी फिरणं’ याचा हाही एक अर्थ त्या रस्त्यांना माहीत आहे. बाईला चालायला लावून तिची धिंड काढणं. आपल्याकडे हे कसं होतं ते खैरलांजी आणि मणिपूरनंतर कुणी कुणाला सांगायचं?

सेनापतीची कबर २०२२ च्या नोव्हेंबरात, नवा स्मृती कायदा झाल्यावर, रात्रीच्या अंधारात हलवली. त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या एका बाईनं आपल्या घरातल्या मारल्या गेलेल्यांची नावं मोठ्यानं घेतली. शहराच्या कबरस्तानात पिको रेखा नावाच्या सामुदायिक खड्ड्यात २०२० पासून उत्खनन झालं आणि दडपशाहीत मारल्या गेलेल्या १,७०० हून अधिक जणांचे अवशेष निघाले. त्यांत बायकाही आहेत. सत्तर वर्षं मारणाऱ्याला संगमरवर आणि मेणबत्त्या मिळाल्या, मेलेल्यांना चुना. या काळात लाखो पर्यटक त्या चर्चमध्ये जाऊन मेरीमातेच्या अश्रूंचे फोटो काढून आले. अश्रू कुणासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

राहणाऱ्या बाया आणि खोली झाडणाऱ्या बाया

आजचं काय? जुन्या मोहल्ल्यांमधली कितीतरी घरं आता पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं दिली जातात. घरमालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचा पाहुणा परवडतो. मग भाडेकरू जातो, आणि त्यात आधी जाते ती एकटी म्हातारी आणि मुलं घेऊन राहणारी एकटी आई. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान जातं, तिथं चाकांच्या बॅगा ठेवायची जागा होते. आलामेदा चौकातून देहविक्री करणाऱ्या बायकांना हुसकलं, आता तिथं बिअर मिळते. याला सुधारणा म्हणतात. बायकांची सुधारणा झाली का? त्यांचा पत्ता बदलला.

पण इथल्या बाया नुसत्या हुसकल्या गेल्या असं म्हणणं हा त्यांच्यावर पुन्हा अन्याय होईल. पुमारेखो चौकातला अठराव्या शतकातला जुना वाडा विकून तिथं हॉटेल होणार, असं २००० च्या सुमाराला कळल्यावर तिथल्या बिऱ्हाडांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी संघटना केली आणि २००३ मध्ये त्या वाड्याला संरक्षित वारसा म्हणून मान्यता मिळवली. नुसत्या भिंतींसाठी नव्हे, तिथं माणसं राहतात या गोष्टीसाठी ते भांडले. २०१२ च्या मे महिन्यात, बँकांनी घरं काढून घेतलेल्या छत्तीस कुटुंबांनी माकारेना भागातली एक नवीकोरी रिकामी इमारत ताब्यात घेतली. तिचं नाव त्यांनी स्त्रीलिंगी ठेवलं, ‘शेजारणींचा कोर्राल, युटोपिया’, कारण पुढाकार बायकांचा होता. वीज-पाणी तोडलं, तरी त्या दोन वर्षं टिकल्या. एप्रिल २०१४ मध्ये पोलिसांनी इमारत रिकामी केली. बँका वाचवायला सरकारकडे पैसे होते, त्यांना छप्पर द्यायला नव्हते.

आणि रात्री दमून आल्यावर ज्या स्वच्छ चादरीवर आपण अंग टाकतो ती कुणी घातली? स्पेनमधल्या हॉटेलांच्या खोल्या झाडणाऱ्या बायकांनी २०१६ साली ‘लास केलीस’ नावाची संघटना केली. ‘साफ करणाऱ्या त्या’ या स्पॅनिश शब्दांवरून केलेला हा विनोदी शब्द. २०१२ च्या कामगार कायद्यानंतर अनेक हॉटेलांनी हे काम ठेकेदारांना दिलं. पगार उतरले, खोल्यांची संख्या वाढली, पाठ-कंबर मोडून गोळ्यांवर काम करायची वेळ आली. ‘पायी फिरा’ म्हणणाऱ्या जाहिरातीत त्या दिसत नाहीत. त्या दिवसभर चालतात, पण कॉरिडॉरमध्ये.

मग फिरायचंच नाही का?

काही मैत्रिणी म्हणतील, ‘झालं! आयुष्यभर घर आणि कार्यालय केलं, आता कुठे चार दिवस मोकळे मिळाले, तर तिथंही तुमचं शोषण आणि संघर्ष!’ ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. बाईच्या आनंदावर पहिली काट मारणारी चळवळ मला नको आहे. मुंबईतल्या बायकांच्या रस्त्यावर रेंगाळण्याच्या हक्काबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी हेच ठासून सांगितलं : सुरक्षिततेसाठी नव्हे, मजेसाठी रस्ता हवा. हवाच. पण माझी मजा दुसऱ्या बाईच्या घरभाड्यातून येत असेल, आणि माझा कान तिच्या खुनाची गोष्ट शृंगार म्हणून ऐकत असेल, तर ती मजा स्त्रीमुक्तीच्या नावावर जमा करू नये.

दुसरा आक्षेप, परदेशाची उठाठेव आपल्याला कशाला? कारण हा नकाशा आता आपल्याकडे तयार होतो आहे. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात वारसा फेऱ्या निघतात. आपल्या गटांमधल्या बायका त्यात जातात, काही गट स्वतः काढतात. पेशव्यांच्या वाड्यापाशी अर्धा तास आणि मस्तानीच्या कहाणीला वेगळी पंधरा मिनिटं. ज्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तो मात्र कित्येक वर्षं ढासळत पडला होता. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, स्मारक बांधायचं म्हणून. मस्तानी आणि कार्मेन, दोघींची गोष्ट सांगणाऱ्यांची जात एकच आहे. गिरणगावातून फिरताना चिमण्या दाखवतात, पण गिरणीतल्या बायकांना सगळ्यांत आधी घरी कसं बसवलं, हे कोण दाखवतं?

म्हणून मागणी साधी आहे. कुठल्याही शहरात, सेव्हिलमध्ये किंवा सोलापुरात, पायी निघालात तर वाटाड्याला पाच प्रश्न विचारा. या गल्लीत पूर्वी कोण राहत होतं आणि त्यांना कुणी हलवलं? या गोष्टीतली बाई कुणी लिहिली? इथं बायका कोणतं काम करत आणि त्यांना किती मजुरी मिळे? या चौकात कुणावर अत्याचार झाला आणि पुतळा कुणाचा आहे? आज माझी खोली कोण झाडतं आणि ती राहते कुठे? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारा, बाकीच्या पर्यटकांना उशीर झाला तरी चालेल. आणि आपल्या गटानं वारसा फेरी काढायची ठरवली असेल, तर त्या भागातल्या विडी कामगार, घरकामगार, भाजीवाल्या यांना आधी बोलवा. वाट त्यांनी आखायची, आपण त्यांच्या मागून चालायचं.